काटा, उतारा आणि फळाचा हक्क

बारामती-इंदापूरच्या बागायती पट्ट्यात काट्याला फार मोठा मान आहे. गळीत हंगाम सुरू झाला की माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी इथल्या कारखान्यांबाहेर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. भरलेली ट्रॉली काट्यावर चढते, रिकामी होऊन पुन्हा चढते आणि दोन आकड्यांच्या वजाबाकीत वर्ष-दीड वर्षाचे कष्ट मोजले जातात. त्या आकड्याकडे शेतकरी जसा श्वास रोखून पाहतो, तसाच वजन उतरवायला निघालेला माणूस सकाळी अनवाणी घरातल्या काट्यावर उभा राहून पायांखाली पाहतो. पहिल्या तीन-चार महिन्यांत सहा-सात किलो उतरलेले असतात. कालव्याच्या कडेने रोज पाऊण तास चालणे चुकलेले नसते, चहातली साखर गेलेली असते, सणावारीही हात आखडलेला असतो. आणि मग काटा एका आकड्यावर थांबतो. पंधरा दिवस, महिना, दोन महिने तोच आकडा. त्या वेळी मनात उठणारा प्रश्न वरवर आहाराचा दिसतो, पण मुळात तो न्यायाचा असतो: ‘मी सगळे पाळले, मग मला फळ का नाही?’ नेमाने वागणाऱ्याच्या वाट्याला निराशा का येते, हा धर्मचिंतनातला फार जुना प्रश्न आहे. काट्यावरचा माणूस तोच प्रश्न नव्याने विचारत असतो, म्हणून आहाराचा तक्ता बदलून त्याचे पूर्ण समाधान होत नाही.

या प्रश्नामागे एक न बोललेली श्रद्धा दडलेली असते. शरीर म्हणजे पाप-पुण्याची खातेवही, आणि काट्यावरचा आकडा म्हणजे त्या वहीतली शिल्लक, अशी ती श्रद्धा. आपली रोजची भाषाच पाहावी. एखादी बासुंदीची वाटी संपवून माणूस ‘आज पाप केले’ म्हणतो. वजन वाढलेल्या बाईविषयी ‘तिच्या जिभेला लगाम नाही’ असे सहज बोलले जाते. बारीक झालेल्याला ‘मानले बुवा तुला’ अशी दाद मिळते, जणू त्याने चारित्र्याची परीक्षाच उत्तीर्ण केली. मग वजन अडले की माणूस आपोआप आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो. माझे म्हणणे असे आहे की, ही खातेवही खोटी आहे, आणि ती खोटी ठरवण्यासाठी धर्म सोडण्याची गरज नाही. उलट आपल्याच परंपरेतला कर्मविचार नीट वाचला, तर तो या खातेवहीच्या विरोधात साक्ष देतो. शरीरशास्त्र आज जे सांगते आहे त्याच्याशी ही साक्ष बरीच जुळते.

आधी शरीराचे पाहू. वजन उतरते तेव्हा लहान झालेल्या देहाला कमी ऊर्जा पुरते, हे उघड आहे. पण घट तेवढ्यावर थांबत नाही. 1995 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील लायबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, वजन 10 टक्क्यांनी उतरलेल्या माणसांचा रोजचा ऊर्जाखर्च, घटलेल्या शरीराच्या हिशेबाने जितका कमी व्हायला हवा त्याहूनही अधिक कमी होतो. भूक तर आणखी जोर धरते. केव्हिन हॉल या अमेरिकी संशोधकाच्या गटाने 2016 मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार, उतरलेल्या प्रत्येक किलोमागे शरीराचा खर्च रोज 20 ते 30 कॅलरींनी घटतो आणि भूक मात्र सुमारे 100 कॅलरींनी वाढते. म्हणजे सात किलो उतरवलेल्या माणसाला रोज जवळजवळ दोन मोठ्या थाळ्यांइतकी नाही, तरी एका जेवणाइतकी जास्तीची ओढ सोसावी लागते, आणि ती सोसूनही तो जागच्या जागी राहतो. 2011 च्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात वजन उतरवल्यानंतर वर्ष लोटले तरी भुकेची संप्रेरके पूर्ववत झालेली नव्हती. देहाची ही काटकसर पिकांतही दिसते. माळेगाव खुर्द इथे 2009 पासून राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. पाण्याच्या, उष्णतेच्या, खारवट जमिनीच्या ताणाखाली पीक कसे तग धरते याचा अभ्यास तिथे चालतो. पाणी तुटले की पीक पानांवरची रंध्रे मिटून घेते, वाढ थांबवते आणि असलेली ओल जपते. ते पाहून कुणी बाजरीला आळशी म्हणत नाही. उपासमारीच्या हजारो वर्षांतून आलेला मानवी देहही तेच करतो. अडलेला काटा म्हणजे बहुतेक वेळा देहाने चोख बजावलेले जुने कर्तव्य असते.

आता परंपरेकडे वळू. कर्मावर अधिकार, फळावर नाही, हे गीतेचे वचन आपण इतक्या वेळा ऐकतो की, त्याचे कारण विचारायचे विसरतो. फळावर अधिकार का नाही? याचे एक उत्तर अठराव्या अध्यायात आहे. कोणतेही कर्म घडायला पाच कारणे लागतात, असे तिथे सांगितले आहे: अधिष्ठान म्हणजे हा देह, कर्ता, निरनिराळी साधने, वेगवेगळ्या चेष्टा म्हणजे हालचाली, आणि पाचवे दैव. यांतल्या एकट्या कर्त्यालाच जो सर्वस्व मानतो त्याला नीट दिसतच नाही, असेही पुढे म्हटले आहे. त्या श्लोकांचा रोख आत्म्याच्या अकर्तेपणाकडे आहे, हे खरे. पण त्यातले निरीक्षण देहाच्या पातळीवरही तितकेच लागू पडते. वजन उतरणे हे कर्म घेतले, तर कर्त्याचा निश्चय त्यात एक पंचमांश आहे. देहाची घडण, हाती असलेली साधने, चालण्या-उचलण्याच्या चेष्टा आणि आपल्या आवाक्याबाहेरचे दैव यांचा वाटा उरतोच. फळावर आपला हक्क सांगता येत नाही, कारण कर्मच मुळात एकट्याच्या मालकीचे नव्हते. भागीदारीतल्या शेतातला सगळा माल आपल्याच नावावर घालता येत नाही, आणि पीक बुडाले तर सगळा दोषही आपल्याच माथी घेता येत नाही.

इथे ‘दैव’ या शब्दाने दचकायला नको. पुणे जिल्ह्यातच त्याचा अर्थ उलगडणारे संशोधन झाले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून जिल्ह्यातल्या सहा गावांमधील गरोदर स्त्रिया आणि त्यांची मुले यांचा माग ठेवला. तिथे जन्मलेल्या बाळांचे सरासरी वजन सुमारे 2.7 किलो होते. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे 3.5 किलो. पण आपल्या बाळांत कमी होते ते स्नायू आणि अवयव. चरबी त्या मानाने टिकून होती. दिसायला बारीक, आतून मेदयुक्त. 2004 मध्ये याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांची छायाचित्रे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात शेजारी-शेजारी छापली गेली. उंची-वजनाचे गुणोत्तर दोघांचे एकच, 22.3, शरीरातली चरबी मात्र याज्ञिकांची 21.2 टक्के आणि युडकिन यांची 9.1 टक्के. ऊसवाल्या माणसाला हे पटायला वेळ लागणार नाही. दोन ट्रॉल्यांचे टनेज एकच असले तरी उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचे प्रमाण, एक नसतो. केंद्र सरकारचा उसाचा दर 10.25 टक्के उताऱ्याला धरून ठरतो. नुसत्या वजनावर साखर कळत नाही, हे या भागातला प्रत्येक सभासद जाणतो. देहाची ही घडण आईच्या उदरात सुरू होते. तिला पुरेसे मिळाले की नाही, ती शेवटी जेवायला बसत होती का, यावर बाळाचा मेद काही अंशी ठरतो. याला कुणी पूर्वजन्मीचे पाप म्हणेल. पण हे दैव दुसऱ्या कुणाच्या, बहुधा एका स्त्रीच्या, भुकेतून आलेले आहे. ते मुलाच्या खात्यावर पाप म्हणून लिहिणे हा कर्मसिद्धान्ताचा विपर्यास आहे.

यावर पहिला आक्षेप रोखठोक आहे, आणि तो टाळून चालणार नाही: ‘लोक खोटे बोलतात. मोजून खाल्ले तर वजन उतरतेच.’ आक्षेपाला पुरावाही आहे. 1992 मध्ये लिक्टमन आणि सहकाऱ्यांनी ‘काहीही केले तरी वजन उतरत नाही’ म्हणणाऱ्या 10 जणांना तपासले. त्यांनी आपले खाणे प्रत्यक्षापेक्षा सरासरी 47 टक्के कमी सांगितले होते आणि व्यायाम 51 टक्के जास्त. त्यांच्या देहाचा ऊर्जाखर्च अपेक्षेइतकाच होता. ही गोष्ट मान्य केलीच पाहिजे. आपल्या स्वयंपाकघरात तर चूक होणे अगदी सोपे आहे. फोडणीला सोडलेली तेलाची धार कुणी मोजत नाही, आणि एका मोठ्या चमचाभर तेलात सुमारे 120 कॅलरी असतात. एकादशीची साबुदाण्याची खिचडी उपासाची म्हणून हिशेबाबाहेर राहते. तिच्यातले साजूक तूप, बटाटा आणि दाण्याचा कूट मात्र शरीराच्या हिशेबात चोख येतात. पण एवढ्यावरून ‘खोटेपणा’ सिद्ध होत नाही. वाढलेली भूक माणसाच्या नकळत हात सैल करते, आणि तीही देहाच्या त्याच बचावाचा भाग असते. पाच कारणांचा विचार कर्त्याला सूट देत नाही. तो कर्त्याला त्याचा पाचवा हिस्सा प्रामाणिकपणे तपासायला सांगतो: आठवडाभर सगळे मोजून लिहा, झोप पाहा, थायरॉइड आणि चालू औषधे डॉक्टरांकडून तपासून घ्या. सत्य पाहण्यासाठी केलेली ही तपासणी आणि गुन्हा शोधण्यासाठी केलेली झडती यांत फरक आहे. पहिलीने माणूस शहाणा होतो, दुसरीने तो लपवायला शिकतो.

दुसरा आक्षेप तपाच्या बाजूने येतो: काटा अडला तर आणखी कडक व्हा, आणखी कमी खा, दोन्ही वेळा चाला. या विचाराचे मोल नीरा डाव्या कालव्याच्या काठच्या जमिनींनी चुकवले आहे. पाणी दिले की ऊस वाढतो, म्हणून जास्त पाणी दिले की जास्त वाढेल, अशा हिशेबाने निचरा नसलेल्या काळ्या जमिनींत पाणी मुरत राहिले. क्षार वर आले, जमिनी चोपण झाल्या. प्रमाण ओलांडले की साधनच घात करते. धर्मग्रंथांनाही हे ठाऊक आहे. अति खाणाऱ्याला योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही, असे गीता सहाव्या अध्यायात सांगते. सतराव्या अध्यायात तर दंभाने आणि अहंकाराने देहाला पिळणाऱ्या घोर तपाला आसुरी ठरवले आहे. गौतम बुद्धांनी हाडे दिसेपर्यंत उपास करून पाहिला आणि तो सोडल्यावरच मध्यम मार्गावर पाऊल ठेवले. जैन परंपरेत कडक तप आहे, पण बाह्य तपांच्या यादीत अनशनाच्या पाठोपाठ ऊनोदरी येते, म्हणजे भुकेपेक्षा चार घास कमी खाणे. आणि त्याचा हेतू कर्मांची निर्जरा, म्हणजे क्षय, हा आहे, देहाची शोभा नव्हे. काट्यासाठी केलेला उपास आणि साधनेसाठी केलेला उपास दिसायला सारखे असतात. पण पहिल्यात आकडा हलला नाही की सगळे वाया गेल्यासारखे वाटते. दुसऱ्यात वाया जायला काही उरतच नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे. फळ आपल्या हाती नसेल, दैवाचा वाटा असेल, तर घाम गाळायचा तरी कशाला? लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि 1915 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्य’ ग्रंथात या शंकेलाच उत्तर दिले आहे. सोडायची आहे ती फळाची आसक्ती; कर्म सोडायचे नाही, आणि परिणामाचा विचारही सोडायचा नाही. वारीत हे डोळ्यांनी दिसते. तुकोबांची पालखी देहूहून निघून बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर असे मुक्काम करत, सराटीजवळ नीरा ओलांडून पंढरीला जाते. बेलवाडीला गोल रिंगण होते, इंदापूरला होते. वारकऱ्याला पंढरपूर नको असते का? तेच तर हवे असते. पण आषाढीला दर्शनाची रांग इतकी लांबते की, असंख्य जण कळसाला हात जोडून परततात, आणि आपली वारी अपुरी राहिली असे कुणी म्हणत नाही. पुढच्या वर्षी ते पुन्हा निघतात. ध्येय ठाम असते, पण त्यावर हक्क सांगितलेला नसतो. वजनाच्या बाबतीत याला भक्कम आधारही आहे. डॉ. रामचंद्रन यांच्या नेतृत्वाखालच्या, 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय मधुमेह-प्रतिबंध अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या 531 जणांना तीन वर्षे पाहिले. नुसता सल्ला मिळालेल्यांपैकी 55 टक्क्यांना मधुमेह झाला. आहार आणि चालणे सुधारलेल्यांपैकी 39.3 टक्क्यांना. या दुसऱ्या गटाचे वजन मात्र म्हणावे असे उतरलेच नव्हते. काटा तिथल्या तिथे होता, आणि तरीही कित्येक घरांतला मधुमेह टळला. तोडणीपूर्वी उसाचेही असेच असते: उंची वाढायची थांबते, पाणी तोडले जाते, आणि कांड्यांत साखर भरत जाते. प्रत्येक अडलेल्या काट्यामागे असे काही भरत असेलच, असा दिलासा देणे खोटेपणाचे ठरेल. पण काटा अडला म्हणजे काहीच घडत नाही, हा निष्कर्षही तितकाच खोटा आहे.

फळ म्हणजे श्रमाची मजुरी, ही कल्पना मोडणारी एक कथा तर बारामतीतच लिहिली गेली. श्रीधरस्वामींनी शके 1640 मध्ये, म्हणजे 1718-19 च्या सुमारास, कऱ्हेच्या काठी ‘शिवलीलामृत’ पूर्ण केले. त्यात महाशिवरात्रीला शिकारीसाठी बेलाच्या झाडावर बसलेला व्याध आहे. त्याला शिकार मिळत नाही म्हणून उपास घडतो, झोप येऊ नये म्हणून जागरण घडते, पाने तोडून खाली टाकताना शिवलिंगाची पूजा घडते. ना संकल्प, ना हिशेब, आणि तरीही त्याचा उद्धार होतो. सोमवार धरणाऱ्या किती घरांत ही पोथी वाचली जाते! न मागता मिळालेले फळ आपण भक्तिभावाने ऐकतो, मग मागूनही न मिळालेले फळ तेवढे आपल्याला अन्याय का वाटावे? कष्टांशिवाय मिळणाऱ्या फळाचे आजचे उदाहरण म्हणजे भूक आवरणारी इंजेक्शने. वजन उतरवण्यासाठी ती 2025 मध्ये भारतातही विकायला आली. ती घेणाऱ्याला ‘कष्ट न करता बारीक झाला’ असे हिणवले जाते. औषध घ्यावे की नाही हा डॉक्टरांच्या सल्ल्याचा आणि खिशाचा प्रश्न आहे. पण या औषधाने संप्रेरकांची खूण बदलताच भूक शमते, यावरून एवढे तरी कळते की आधीची भूक हा चारित्र्याचा दोष नव्हता. आणि वर्ष-सव्वा वर्षाने या औषधांवरही वजन एका आकड्याला येऊन थांबते. देह तिथेही आपले म्हणणे मांडतोच.

खातेवही किती खोटी आहे, याचा अखेरचा पुरावा कारखान्यांच्या आसपासच्या कोप्यांमध्ये, म्हणजे मजुरांच्या झोपड्यांमध्ये, मिळतो. बीड-अहिल्यानगरकडून हंगामाला येणारे ऊसतोड मजूर पहाटेच्या अंधारात फडात उतरतात आणि डोक्यावर मोळ्या वाहून ट्रॉल्या भरतात. ते दिसायला बहुधा बारीक असतात. बारीक असणे हे पुण्य असते, तर ते सर्वांत पुण्यवान ठरले असते आणि त्यांच्यापेक्षा सुखी कुणी नसते. पण त्यांचा बारीकपणा हा तपाचा नाही, कमी पडणाऱ्या भाकरीचा आहे, हे आपल्याला पक्के माहीत आहे. मग त्याच न्यायाने जाड असणे हेही अधर्माचे चिन्ह मानता येणार नाही. दोन्ही देहांत कर्त्याशिवायची चार कारणे बोलत असतात.

म्हणून अडलेल्या काट्यावरच्या माणसाची खरी अडचण मला अहंकाराची वाटते, आणि हे दोष देण्यासाठी म्हणत नाही. पहिले सात किलो उतरले तेव्हा ‘मी उतरवले’ असे त्याने मानले, लोकांनी मानायला लावले. ज्याने सगळे श्रेय एकट्याने घेतले, त्याला पुढे सगळा दोषही एकट्यानेच घ्यावा लागला. अभिमान आणि अपराधीपणा ही एकाच चुकीची दोन पिके आहेत. त्या सात किलोंच्या वेळीही देहाने साथ दिली होती, घरातल्या कुणी तरी वेगळी भाजी केली होती, पहाटे चालायला मोकळा वेळ मिळाला होता. तेव्हा या भागीदारांची आठवण ठेवली असती, तर आज त्यांनी हात आखडल्यावर माणूस इतका खचला नसता. आणि ही आठवण शेजाऱ्यापाजाऱ्यांनीही ठेवायला हवी. लग्नाच्या पंगतीत कुणाच्या पानाकडे पाहून ‘अजून तसाच दिसतोस’ म्हणणारा माणूस नुसत्या टनेजवर निकाल देत असतो. उतारा त्याला दिसत नाही, आणि तो काढण्याचा अधिकारही त्याचा नाही. उद्या सकाळी कालव्याच्या कडेने पाऊण तास चालणे हे मात्र कर्त्याच्या हातात आहे, आणि ते चालून होताच पूर्ण होते. काट्याने त्यानंतर काहीही सांगितले, तरी त्या पाऊण तासातले एक पाऊलही तो परत घेऊ शकत नाही.